दगडखाणीजवळच्या विहिरींत जड धातूंची तपासणी सक्तीची हवी

काळीमाती: दगडखाणीबद्दल तक्रार होते ती धुळीची आणि सुरुंगाच्या हादऱ्यांची. विहिरीत उतरणाऱ्या शिसं, आर्सेनिक, कॅडमियमबद्दल कुणी बोलत नाही, कारण पाण्याचा रंग बदलत नाही की चव. उकळूनही हे धातू जात नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की पहिला सुरुंग लावण्याआधी आसपासच्या मातीचे आणि पाण्याचे नमुने घेतलेच पाहिजेत, आणि पुढे दरवर्षी.

गिट्टी: धातूची खाण आणि दगडखाण यांत गल्लत होतेय. जपानमध्ये जिन्झू नदीकाठी कॅडमियममुळे हाडं ठिसूळ करणारा इताई-इताई रोग पसरला, तो कामिओकाच्या जस्ताच्या खाणीतून. खडी काढून असं होत नाही. कॅडमियम तर फॉस्फेट खतांतूनही शेतात येतं. सगळं खापर खाणीवर का?

काळीमाती: खतांचं मान्य. पण सगळे दगड सारखे नसतात. पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असलेला खडक फोडला की हवा-पाणी लागून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, सामू (pH) घसरतो आणि खडकात अडकलेले धातू पाण्यात उतरतात. अखंड कातळात हे फार सावकाश चालतं. क्रशरखाली त्याचीच भुकटी झाली की मात्र ते वेगानं होतं, कारण तेव्हा हवा-पाणी कणाकणाला लागतं.

झरा: चुनखडीत उलट घडतं. चुना आम्ल मारतो, शिसं आणि कॅडमियम बरंचसं मातीतच धरलं जातं. आर्सेनिकचा भरवसा मात्र नाही, सामू फार वाढला तर ते कणांवरून सुटतं. म्हणून सरसकट सक्ती नको. आधी भूवैज्ञानिकाला खडक दाखवा, मग काय तपासायचं ते ठरवा.

गिट्टी: हे पटतं. पण सर्पेंटाइन खडकाच्या भागात निकेल आणि क्रोमियम मातीत मुळातच जास्त असतं, खाण असो वा नसो. तिथे दोष कुणाचा?

काळीमाती: म्हणून तर खाणीआधीचा नमुना मागतोय! जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसं आणि आर्सेनिक प्रत्येकी 10 मायक्रोग्रॅम, कॅडमियम 3. उद्या विहिरीत शिसं 25 निघालं, तर खाणवाला म्हणणार मूळचंच आहे, शेतकरी म्हणणार खाणीचं. आधीचा आकडाच नसेल तर दोघांपैकी कुणाला काही सिद्ध करता येणार नाही, आणि पाणी मात्र मुलं पीत राहणार.

गिट्टी: आधीचा नमुना घ्या, हरकत नाही. दरवर्षीच्या तपासणीला माझा अजूनही विरोध आहे. छोट्या खाणवाल्याला तो खर्च झेपणार नाही.

झरा: मग पहिल्या तपासणीत पायराइट सापडलं तिथेच दरवर्षी करा.