रविवारचे बर्गर: पॅटी आधी करून ठेवायच्या तर

*ए-२०४:* रविवारी संध्याकाळी गच्चीवर मुलांचं खाणं आहे. ४० चिकन बर्गर, ३० बटाट्याचे. पॅटी गुरुवारी करून फ्रीझरमध्ये टाकल्या तर चालेल ना? खिमा मंगळवारीच आणून ठेवते.

*सी-५०१:* पॅटी गुरुवारी करा, पण वहिनी, खिमाही गुरुवारी सकाळीच आणा. कच्चा खिमा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात फार तर एक-दोन दिवस. यंत्रातून निघताना वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून तो तुकड्यांपेक्षा जास्त जपावा लागतो. आणि फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. बर्फ सुटला की पुन्हा वाढायला लागतात.

मुलांसाठी ८० ग्रॅमची पॅटी पुरते, म्हणजे ३ किलो २०० ग्रॅम खिमा. मांडीचा घ्या, छातीचा कोरडा पडतो. बन ८ सेंमीचा असेल तर पॅटी ९ सेंमी रुंद आणि सव्वा सेंमी जाड करा. शिजताना आक्रसते. मध्ये अंगठ्याने हलका खळगा पाडा, नाहीतर पॅटीचं पोट फुगतं आणि कडा आधी करपतात.

*ए-२०४:* कांदा कच्चा घालू की परतून?

*सी-५०१:* परतून, आणि पूर्ण गार करून. कच्च्या कांद्याला मीठ लागलं की पाणी सुटतं, फ्रीझरमध्ये त्या पाण्याचे खडे होतात आणि तव्यावर पॅटी तिथेच तडकते. गरम कांदा घातला तर खिमा कोमट होतो, ते तर अजिबात नको. मीठ किलोला १० ग्रॅम, अगदी शेवटी घाला. जास्त मळलंत तर रबरासारखं लागतं.

*बी-१०३:* बटाट्याचं मी सांगते. बटाटे सालासकट उकडा, सोला आणि ताटात पसरून ३-४ तास फ्रीजमध्ये उघडे ठेवा. वाफ निघून गेली पाहिजे. किलोभर बटाट्याला १०० ग्रॅम ब्रेडचा चुरा किंवा मिक्सरमधून काढलेले पोहे. पॅटी कॉर्नफ्लोअरच्या पातळ घोळात बुडवून चुऱ्यात घोळवा आणि मग गोठवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तळायच्या आधी बाहेर काढून ठेवू नका. बर्फ सुटला की बटाटा पाणी सोडतो, वरचं कवच ओलं होतं आणि कढईत सगळा चुरा होतो. फ्रीझरमधून थेट तेलात. वरचा बर्फाचा भुगा मात्र झटकून टाका, तेल उडतं. एका वेळी चारच, नाहीतर तेल थंड पडतं आणि पॅटी तेल पिते. आच मध्यम. मोठ्या आचेवर बाहेरून लाल होते आणि आत गारच राहते.

*सी-५०१:* बरोबर. चिकनच्या पॅटीही सव्वा सेंमीच्या आहेत, थेट तव्यावर चालतील. ओट्यावर रात्रभर ठेवून सोडवायच्या नाहीत. कडा कोमट होतात तेव्हा आत अजून बर्फच असतो.

गोठवताना: ताटात बटर पेपर, एकच थर, पॅटी एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. २-३ तासांत टणक झाल्या की मध्ये बटर पेपर घालून चार-चारच्या चळती झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढायची, वर तारीख. हवा राहिली तर पांढरे कोरडे डाग पडतात. त्यांनी कोणी आजारी पडत नाही, पण तिथे चव लाकडासारखी होते. सगळ्या ७० एकदम ढकलू नका, फ्रीझर तापतो. पंधरा-पंधरा घाला. फ्रीझर उणे १८ अंश असायला हवा. आइस्क्रीम मऊ राहत असेल तर तो तेवढा थंड नाही.

*बी-१०३:* व्हेज वरच्या कप्प्यात, चिकन खाली, वेगळ्या डब्यात. तवा आणि उलथनंही वेगळं. जी घरं मांसाहार करत नाहीत त्यांच्यासाठी तर हवंच, पण कच्च्या चिकनचं पाणी व्हेजवर ठिबकू नये म्हणूनही.

*डी-४०२:* शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार आहे.

*सी-५०१:* दार उघडू नका. भरलेला फ्रीझर ४८ तास टिकतो, अर्धा असेल तर २४. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर नाणं ठेवा. नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं. चिकन टाकून द्यायचं.

*ए-२०४:* शिजली कधी समजायची? आतून पांढरी झाली की?

*सी-५०१:* नाही, रंगावर विसंबू नका. खिमा कधी पूर्ण शिजायच्या आधीच रंग बदलतो, कधी शिजूनही गुलाबी राहतो. १९९३ मध्ये अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय नावाचा जंतू पसरला. ७०० हून जास्त लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. मुलांच्या खाण्यात अंदाज नको. मध्यम आच, झाकण, दोन्ही बाजूंनी साधारण ५-६ मिनिटं आणि थर्मामीटरची सुई कडेने आडवी घालून मध्यापर्यंत. चिकन ७४ अंश, मटणाचा खिमा असेल तर ७१. कच्च्या पॅटीचं ताट पुन्हा वापरायचं नाही. दहा-दहा करा, गरम वाढा. शिजलेलं दोन तासांच्या वर बाहेर नको, गच्चीवर ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर एकच तास.

*ए-२०४:* थर्मामीटर कोणाकडे आहे?

*सी-५०१:* माझ्याकडे आहे. शनिवारी घेऊन जा. आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून ० दाखवतो का ते बघा.