टीएएस (विमानाचा हवेतला खरा वेग) काढण्याचा 'हजार फुटांना २ टक्के' हा नियम विद्यार्थी वैमानिकाला आधी शिकवावा का?

अक्षांश (धागाकर्ता):
काट्यावर दिसणाऱ्या वेगात दर हजार फुटांमागे २ टक्के मिळवले की ट्रू एअरस्पीड, म्हणजे टीएएस, मिळतो, हा नियम कमर्शियल पायलट लायसन्सच्या तयारीत फार लवकर पाठ करून घेतला जातो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी शिकवला पाहिजे. एअरस्पीड इंडिकेटर, म्हणजे वेगाचा काटा, मुळात वेग मोजतच नाही. तो पिटो नळीतला (समोरून येणारी हवा झेलणाऱ्या नळीतला) एकूण दाब आणि बाहेरचा स्थिर दाब यांतला फरक मोजतो आणि हवा समुद्रसपाटीइतकी, म्हणजे घनमीटरला १.२२५ किलो घनतेची आहे असे धरून तो नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) दाखवतो. त्यामुळे आयएएसमधून (काट्यावर दिसणाऱ्या वेगातून) उपकरणाची आणि पिटोच्या जागेची चूक काढली की सीएएस (कॅलिब्रेटेड एअरस्पीड), हवेच्या दबण्याचा परिणाम काढला की ईएएस (इक्विव्हॅलंट एअरस्पीड), आणि घनतेचा हिशेब केला की टीएएस, अशी ही साखळी आहे.

नियम ही साखळी झाकून टाकतो. प्रमाणित हवेत (प्रत्येक उंचीला ठरलेले तापमान आणि दाब धरलेल्या हवेत) ३५,००० फुटांवर सीएएस २८० नॉट असेल, तर केवळ घनता धरून ५०३ नॉट येतात, खरा टीएएस ४७३ च्या आसपास असतो आणि नियमाने ४७६ येतात. उत्तर जुळते, पण ते दोन चुका एकमेकींना कापतात म्हणून. उलट १०,००० फुटांवर, जिथे हवेच्या दबण्याचा परिणाम नगण्य असतो, तिथे १५० नॉटचे खरे १७४ होतात आणि नियम १८० सांगतो. जो नियम कुठे आणि का जुळतो हे विद्यार्थ्याला ठाऊक नाही, त्यावर त्याने इंधनाचा हिशेब का करावा?

दख्खनचा वारा:
असहमत. प्रमाणित हवा पुस्तकात असते, विदर्भात नसते. प्रमाणित कोष्टकात ५,००० फुटांवर ५ अंश तापमान धरलेले आहे. मे महिन्यात तिथे २५ अंश असेल, तर १०५ नॉट सीएएसचा टीएएस ११७ होतो. प्रमाणित हवेच्या हिशेबाने ११३ येतात आणि नियमाने ११५.५. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात हा 'ढोबळ' नियमच सत्याच्या अधिक जवळ जातो. उरलेल्या दीड नॉटपेक्षा वाऱ्याच्या अंदाजातली चूक सहज मोठी असते. एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याची नजर कॉकपिटबाहेर राहावी, यापुढे मला दशांशांची किंमत वाटत नाही.

घनता:
दख्खनचा वारा यांचे आकडे बरोबर आहेत, परंतु त्यांनी उदाहरणात तापमान घेतले आणि नियमात तापमानाला जागाच नाही. लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे. उतरण्याच्या अंतिम टप्प्यात सीएएस १४० नॉट ठेवला, तर हवा शून्य अंश असताना टीएएस सुमारे १६७ आणि २० अंश असताना सुमारे १७३ होतो. नियम दोन्ही वेळा १७० म्हणेल. सहा नॉट क्षुल्लक वाटतील, पण थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: समुद्रसपाटीच्या तुलनेत पहिल्या वेळी ती ४१ टक्के जास्त असते आणि दुसऱ्या वेळी ५२ टक्के. लेहची प्रवासी विमाने सकाळी जातात, त्यामागे वाऱ्याइतकेच हेही कारण आहे.

दख्खनचा वारा:
लेहला जाणारे वैमानिक कामगिरीचे तक्ते पाहून जातात, मनातला नियम वापरून नाही. आणि एअर फ्रान्स ४४७ या विमानाचा अपघात विसरू नका. १ जून २००९ रोजी अटलांटिकवर त्या एअरबस ए३३० चे वेगाचे आकडेच बिघडले. अशा वेळी डोक्यात सोपे गणितच हवे.

अक्षांश:
हे उदाहरण इथे लागू होत नाही. त्या विमानाच्या पिटो नळ्या बर्फाच्या स्फटिकांनी तात्पुरत्या बंद झाल्या, म्हणजे साखळीचा पहिलाच आकडा खोटा होता; खोट्या आयएएसवर कोणतेही रूपांतर केले तरी टीएएस खोटाच येणार. तिथे ठराविक पिच (नाकाचा कोन) आणि ठराविक थ्रस्ट (इंजिनाचा जोर) धरून ठेवणे हाच उपाय होता. वेगाचा काटा दाबावर चालतो हे पक्के ठाऊक असलेल्याला तो लवकर सुचेल, म्हणून तर मी क्रमाचा आग्रह धरतो.

नकाशावाचक:
मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे, पण सूत्रांपेक्षा हातातली चकती आधी द्यावी. सीआरपी-५ या वैमानिकांच्या हिशेबाच्या चकतीवर खिडकीत उंचीसमोर तापमान आणले की आतल्या वर्तुळावरच्या सीएएससमोर बाहेर टीएएस वाचता येतो. तो ३०० नॉटपेक्षा जास्त आला, तर त्याला शंभराने भागून ३ वजा करायचे आणि तेवढे भाग चकती डावीकडे फिरवायची. वरच्या उदाहरणात ५०३ चे पाच धरून दोन भाग फिरवावे लागतात आणि आकडा डोळ्यांदेखत खाली येतो. हवेचे दबणे म्हणजे काय, हे त्या वेळी बोटांना कळते.

या चर्चेत एक गोष्ट मात्र राहून गेली. लहान विमान शिकणाऱ्याची मोठी चूक पुष्कळदा उंचीमुळे होत नाही, साखळीच्या पहिल्या पायरीवर होते. कमी वेगात नाक वर असताना पिटो नळी वाऱ्याला सरळ तोंड देत नाही आणि आयएएस व सीएएस यांत पाच-सहा नॉटांचा फरक पडू शकतो. त्याचे कोष्टक विमानाच्या पुस्तिकेत असते, आणि २ टक्क्यांचा नियम तिथे काहीच सांगत नाही. शिवाय स्टॉल (वेग घटून पंखांची उचल ढासळणे) येतो तो काट्यावरच्या जवळजवळ त्याच आकड्याला, मग धावपट्टी समुद्रालगतच्या जुहूची असो वा लेहची. उंचावर जमीन वेगाने धावताना पाहून ज्याने टीएएसच्या विचारात काट्यावरचा वेग कमी केला, त्याला दोन्ही पक्षांनी आधी हे शिकवायला हवे की अप्रोचच्या (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येतानाच्या) वेगाचे रूपांतर करायचेच नसते.