सीपी (सेरेब्रल पाल्सी: अगदी लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा बिघडणं) घेऊन मोठे झालेल्यांचे अनुभव

चवड्यावरची: माळा आवरताना लहानपणीचे स्प्लिंट (पाऊल सरळ धरून ठेवणारे आधार) सापडले. वेल्क्रोला मोज्यांचे धागे अजून चिकटलेले. आई रोज टाच धरून पाऊल वर रेटायची, मी रडत पाढे म्हणायचे. डॉक्टर सांगायचे, "मेंदूतली इजा वाढत नाही." ती नाही वाढली, पण चाळिशीतच गुडघे-कंबर सत्तरीचे झालेत. हे कुणी आधी बोललंच नव्हतं. तुमचं कसंय? लिहा.

डगमग: +१. आखडलेले स्नायू घेऊन चालायला ताकदच इतकी जाते की संध्याकाळी मी संपलेला असतो. अठरानंतर लहान मुलांचे डॉक्टर सुटले, मोठ्यांचे विचारतात, "हे कधीपासून आहे?" जन्मापासून म्हटलं तर "त्याआधी काही त्रास?" 😂

एकहाती: 😂😂 मला सीपीमुळे होणाऱ्या दचकण्याबद्दल लिहायचंय. कुणी मागून हाक मारली की कप उडालाच. ऑफिसात सगळे आता खोकून येतात.

शब्दवेल्हाळ: माझी सीपी अथेटॉइड, म्हणजे आपोआप हालचाली होणारी. जन्मानंतरची कावीळ मेंदूपर्यंत गेली. हात आपल्या मर्जीने फिरतात, बोलणं उमगायला समोरच्याला जरा दम धरावा लागतो. तो धरत नाहीत. मी गणितात एमएस्सी, पण बँकेत प्रश्न बहिणीला, "यांना समजतं का?" बहीण म्हणाली, "व्याजाचं विचारा, मला नाही समजत." सही मात्र दर वेळी निराळी येते, तिथे बँकेचीही दया येते.

पिल्लाचीआई: मुलगा पाच वर्षांचा, डायप्लेजिया (मुख्यतः दोन्ही पाय आखडलेले). स्नायू सैल करायला बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलंय. कुणी घेतलंय का?

डगमग: घेतलंय. साधारण ३-४ महिने स्नायू सैल राहतात, तेवढ्यात फिजिओ दाबून करून घ्यायचा. नुसतं इंजेक्शन देऊन बसलात तर फारसं हाती लागत नाही. बॅक्लोफेनने (स्नायू सैल करायचं औषध) मला झोपच फार यायची.

चवड्यावरची: आणि ताई, त्यालाही विचारत जा. मला कुणी विचारलं नव्हतं.

पिल्लाचीआई: विचारलं आत्ताच. म्हणाला, सुई नको, बूट लाल हवेत.

एकहाती: पोरगं हुशार आहे! बुटांवरून आठवलं, माझा उजवा पाय ८ नंबर, डावा ७. दर वेळी दोन जोड घ्यावे लागतात. उलट मापाचं कुणी आहे का इथे?

शब्दवेल्हाळ: माझ्या आतेभावाचं अगदी उलट! विचारून सांगते. लेसचे नकोत, एवढं आत्ताच सांगते.