अभ्यासवृत्ती कशाला? यासाठी
‘जुन्या वस्तू संग्रहालयात सुरक्षित आहेत, मग हस्तकलांच्या अभ्यासकांना अभ्यासवृत्त्या कशाला?’ हा मुद्दा मला पटला नाही. संग्राहक दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास सुरुवात करून गावोगावचे अडकित्ते, दिवे, दौती जमवल्या, म्हणून त्या पुण्यातल्या त्यांच्या संग्रहालयात आज बघायला तरी मिळतात. पण वस्तू घडली कशी, हे काचेआडून कळत नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत कारागीर तांब्याच्या भांड्याला मठार देतात: हातोडीने ठोक्याला लागून ठोका, पत्रा कडक होतो आणि झळाळतोही. हे हातातलं ज्ञान टिपायला आळीत मुक्काम ठोकणारा अभ्यासक हवा, आणि त्याचं पोट भरायला हवं. इमारतीला निधी पटकन मिळतो (फीत कापता येते ना!). आणि हो, मुलाखतीपायी कारागिराची मजुरी बुडते. अभ्यासवृत्तीत त्याचंही मानधन धरा.