मदत हवी आहे: रीफ टँकच्या फोटोंसाठी ६० की १०० मिमी मॅक्रो?

राजेहो, नागपुरात धरमपेठेत घरी दोन फुटी रीफ टँक (जिवंत कोरलचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) आहे. मे महिन्यात टँकचं पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरने कूलरपेक्षा जास्त वीज खाल्ली, पण कोरल जगले! आता त्यांचे फोटो नीट येत नाहीत, हे दुखणं आहे.

कॅमेरा कॅनन १५००डी, लेन्स सोबत आलेली १८-५५. ती २५ सेंमीच्या आत फोकसच घेत नाही. झोआंथिडचा (फुलासारखा दिसणारा कोरलसारखा जीव) एकेक पॉलिप जेमतेम एक सेंमीचा, फोटोत टिकलीएवढा दिसतो. क्रॉप केला की नुसता चिखल.

वाचलं त्यावरून १:१ मॅक्रो हवी, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकारात उतरवणारी लेन्स. कॅननच्या ६० मिमीला १:१ साठी सेन्सरपासून २० सेंमी, १०० मिमी एल मॅक्रोला ३० सेंमी अंतर लागतं. माझे अर्धे कोरल काचेपासून वीतभर आत आहेत, मग ६० तिथवर पोचेल का? की १०० घेतली तर क्लाउनफिश फ्रेममध्ये मावणारच नाही? एक्स्टेन्शन ट्यूबवर (कॅमेरा आणि लेन्समध्ये बसवायची पोकळ नळी) भागतं का?

काचेला लेन्स सरळ धरतो, तिरकी झाली की कडा फाटतात, एवढं कळलंय. टँकच्या निळ्या एलईडीत मात्र सगळं जांभळं येतं. रॉमध्येही (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) सुधारत नाही. पिवळा फिल्टर कोणी वापरलाय?

सीताबर्डीकडे जुनी मॅक्रो मिळाली तर तेही सांगा.