साचा आत्ताच करावा की नंतर?

प्रश्न: एका छोट्या उपकरणाच्या प्लास्टिक आवरणाचे डिझाइन तयार आहे. सुरुवातीला काहीशे नग लागतील, मागणी वाढल्यास काही हजार. थ्रीडी प्रिंटिंगने आरंभ करावा, की थेट इंजेक्शन मोल्डिंगचा (वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरून वस्तू बनवण्याच्या पद्धतीचा) साचा करून घ्यावा?

उत्तर १: साच्याचा खर्च नगसंख्येवर विभागला जातो, प्रिंटिंगमध्ये मात्र शंभरावा नगही जवळपास पहिल्याइतकाच महाग पडतो, म्हणून दोन्ही पद्धतींचा एकूण खर्च ज्या संख्येला समान होतो, ती आधी काढावी. अॅल्युमिनियमचा साचा हा मधला मार्ग आहे. तो पोलादी साच्यापेक्षा स्वस्त असतो व लवकर तयार होतो, पण लवकर झिजतोही.

उत्तर २: माझ्या मते खर्चाआधी आकार तपासावा. प्रिंटिंगला चालणारा आकार साच्यातून सुटेलच असे नाही: उभ्या भिंतींना साधारण १ ते २ अंशांचा उतार लागतो, आणि जाडी एकसारखी नसेल तर जाड भागावर आकुंचनाने खळगे पडतात.

प्रश्नकर्ता: झाकण अडकवणारे आकडे आतल्या बाजूला आहेत. त्यांचे काय?

उत्तर २: आकड्याची खाच साचा उघडण्याच्या दिशेला आडवी येत असेल, तर साच्यात सरकता भाग बसवावा लागतो आणि खर्च वाढतो. आकड्याच्या बरोबर खाली तळाला आरपार छिद्र ठेवता आले, तर तो टळतो.