टूल्सच्या यादीवर जाऊ नका

टेक्निकल रायटिंग, म्हणजे यंत्रांची किंवा ॲप्सची मॅन्युअल्स लिहिणं, शिकायचं तर फ्रेममेकर, मॅडकॅप फ्लेअर अशी मॅन्युअल्स बनवायची सगळी टूल्स शिकवणारा कोर्सच घ्यावा, असं काही जण म्हणतात. ते मला अर्धंच पटतं. टूल नोकरीला लागल्यावर महिना-दोन महिन्यांत हाताला बसतं. डिटा (मजकूर सुट्या, पुन्हा वापरता येणाऱ्या तुकड्यांत लिहायची पद्धत) काय आहे, एकच मजकूर दहा मॅन्युअल्समध्ये कसा फिरवतात, एवढं डोक्यात स्पष्ट असलं म्हणजे पुरे. मी नवी मुंबईत महापेला पंपांची मॅन्युअल्स लिहितो. इंटरव्ह्यूला आलेल्यांना आम्ही शॉप फ्लोअरवर नेतो. फिटर पंपाचं सील बदलून दाखवतो आणि त्याच्या पायऱ्या एका पानात लिहायच्या असतात. मागच्या खेपेला एका मुलीने इंग्रजी झकास लिहिलं, पण ‘वीजपुरवठा बंद करा’ ही सूचना आली सातव्या पायरीनंतर. तोवर वाचणाऱ्याचा हात पंपात! (तिला घेतलं, आता तीच माझ्या चुका काढते.)

म्हणून ॲडमिशनआधी एवढं विचारा: मुलं खऱ्या यंत्राबद्दल किंवा ॲपबद्दल किती लिहितात, आणि ते वाचून कुणी अनोळखी माणूस काम करून बघतो का? नुसते निबंधच तपासणार असतील तर इंग्रजीत एमए केलेलं काय वाईट, फी तरी वाचेल. आणि हो, माहितीपत्रकात ‘एसटीसीचं सदस्यत्व’ असं आमिष दिसलं तर पत्रक जुनं आहे असं समजा. अमेरिकेतली ती सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन जानेवारी २०२५ मध्येच गुंडाळली गेली.